उंदीर पळवायचं अल्ट्रासॉनिक मशीन लावूनही उंदीर जात नाहीत? या क्रमाने तपासा

लक्षणं

आमच्या सोसायटीत किंवा आजूबाजूच्या इमारतींत उंदरांची तक्रार आली की बहुतेक वेळा बोलावणं मला येतं. सांगायची तऱ्हा घरागणिक वेगळी असते, दुखणं मात्र तेच. खालच्यापैकी दोन-तीन गोष्टी तुमच्याकडे घडत असतील तर पुढचं सगळं तुमच्याच कामाचं आहे.

- मशीन सॉकेटला लावल्यावर पहिले चार-पाच दिवस शांतता, मग रात्री पुन्हा ओट्याखाली खुडबुड.
- मशीनचा निळा दिवा व्यवस्थित चालू, आणि त्याच सॉकेटखाली भिंतीच्या कडेला ताज्या लेंड्या.
- हॉलमध्ये काही नाही, पण पोटमाळ्यावर आणि ट्रॉलीच्या मागे होतं तसंच.
- साबणाच्या वडीवर दातांच्या खुणा, देवघरातली तुपाची वात सकाळी गायब, टोपलीतला बटाटा कोरलेला.
- वॉशिंग मशीन अचानक बंद, आणि मागे बघावं तर वायरचं तांबं उघडं पडलेलं.
- एका मशीनची तीन मशीनं झाली, तरी फरक नाही.

थोडक्यात उत्तर

घरातले उंदीर या मशीनमुळे जात नाहीत. काही दिवस बिचकतात, मग सरावतात. मशीन बिघडलेलं असतं म्हणून नव्हे, तर ते नीट चालत असलं तरी हेच होतं, आणि त्याची कारणं समजली की पुढची तपासणी सोपी जाते.

माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. उंदराचा कान ८० किलोहर्ट्झच्या आसपासपर्यंत जातो, आणि ते आपापसात अशा आवाजात बोलतातही. तेव्हा तुम्हाला न ऐकू येणारा आवाज उंदराला ऐकू येतो, हे जाहिरातीतलं पहिलं वाक्य खरं आहे. पण ऐकू येणं वेगळं आणि घर सोडून जाणं वेगळं.

एक तर हा आवाज पोचतच नाही. ४० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मिलिमीटरच्या आसपास असते. इतकी आखूड लहर कपाटाला वळसा घालून मागे जात नाही, भिंत ओलांडत नाही, बंद दारातून पलीकडे जात नाही. वरच्या मजल्यावरच्या स्पीकरचा ढोल आपल्या भिंतीतून येतो, कारण तो खालच्या पट्टीतला आवाज असतो. हा त्याच्या बरोबर उलट. गादी, पडदे, सोफा तो शोषून घेतात. मधे काही नसलं तरी नुसती हवाच त्याला मीटरमागे एक डेसिबलहून जास्त खाते, शिवाय अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात ते वेगळेच. आणि उंदीर तर नेमका आडोशालाच राहतो: ट्रॉलीच्या मागे, फ्रीजच्या कॉम्प्रेसरजवळ, फॉल्स सिलिंगमध्ये. खोक्यावर लिहिलेले चौरस फूट आपल्या भिंतींनी चिरलेल्या घराला लागू पडत नाहीत.

दुसरं म्हणजे सवय. आवाजामागोमाग काही वाईट घडत नाही हे कळलं की उंदीर त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. पहिल्या आठवड्यातल्या शांततेने पुष्कळांची खात्री पटते, पण तिचं एक कारण असंही आहे की मोठा उंदीर आपल्या रोजच्या वाटेवर आलेल्या कुठल्याही नव्या वस्तूला बिचकतो. नवा डबा ठेवा, खुर्ची हलवा, तरी तो दोन-चार दिवस लांब राहील.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी तिथली सरकारी संस्था) २००१ मध्ये अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या ६० हून अधिक कंपन्यांना इशारापत्रं पाठवली होती. परिणामाचे दावे करायचे तर त्यांना शास्त्रीय पुरावा हवा, असं त्यांत बजावलं होतं. त्याआधीच्या प्रकरणांतही त्यांनी हीच दोन कारणं धरली होती: उंदीर सरावतात, आणि आवाज सामानात अडतो. आपल्याकडे मात्र ही मशीनं अजून त्याच दाव्यांवर विकली जातात, आणि तीनशे रुपयांपासून पुढे लोक पैसे घालत राहतात. पैशांपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती वाया जाणाऱ्या वेळेची. उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते. मशीनचा परिणाम दिसेल म्हणून महिनाभर थांबलेल्या घरात तेवढ्यात पिल्लं झालेली असतात.

आता तपासणी. आधी फुकटची, मग स्वस्त, मग कष्टाची. क्रम सोडू नका. पहिल्या पायरीवर जे कळतं त्यावर पुढचा खर्च ठरतो.

१. नक्की कोण आहे ते बघा (खर्च शून्य)

टॉर्च घ्या आणि लेंड्या बघा. काळ्या लेंडीच्या टोकाला पांढरा ठिपका असेल तर ती पालीची आहे, उंदराची नव्हे. मला बोलावणाऱ्या काही घरांचा प्रश्न इथेच मिटतो. तीन ते सहा मिलिमीटरची, जिऱ्याएवढी लेंडी छोट्या घरउंदराची. बारा मिलिमीटरच्या आसपास, दोन्ही टोकं निमुळती असतील तर काळा उंदीर, शेपूट अंगापेक्षा लांब, पाइप आणि केबल चढण्यात पटाईत. तो वरून येतो, त्यामुळे त्याला जमिनीलगत शोधून उपयोग नाही. त्याहून मोठी लेंडी आणि बाहेर कंपाउंडला उकरलेल्या मातीचा ढीग दिसला तर घूस.

लांबट नाक, उग्र वास, भिंतीला चिकटून चिक-चिक करत पळणारं जनावर असेल तर ती चिचुंद्री. ती किडे-झुरळं खाते, वायर कुरतडत नाही, धान्याच्या पोत्याशी तिला देणंघेणं नसतं. तिला मारू नका. झुरळं कमी केली आणि मोरीची जाळी नीट बसवली की तिचं येणं थांबतं.

लेंडी सापडत नसेल किंवा वाट कळत नसेल तर रांगोळी वापरा. हा माझा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे. रात्री झोपायच्या आधी चहाच्या गाळणीतून रांगोळीचा पातळ थर भिंतीलगत पसरा, हाताएवढ्या लांबीचा पट्टा पुरे. जागा चार: सिंकखाली, फ्रीजमागे, मोरीच्या तोंडाशी आणि ड्राय बाल्कनीच्या उंबऱ्यावर. कणीक किंवा तांदळाचं पीठ वापरू नका, ते खायलाच येतील. सकाळी दिवे न लावता टॉर्च जमिनीला टेकवून आडवा प्रकाश टाका. पुढच्या पंज्याची चार बोटं, मागच्याची पाच, आणि मधे शेपटीची बारीक रेघ उठून दिसते. पावलांची बोटं कुणीकडे आहेत त्यावरून तो कुठून आला आणि कुठे गेला ते समजतं. सिंकखालचा पट्टा तुडवलेला आणि बाकीचे तीन कोरे असतील तर अख्खं घर उपसायची गरज नाही, सिंकखालचा एक फूट बघायचा.

हे आधी करायचं कारण एवढंच की भोक कुठे आहे हे न कळता केलेला प्रत्येक खर्च अंदाजपंचे असतो.

लेंड्या झाडायच्या मात्र नाहीत. सुक्या झाडल्या की धूळ नाकात जाते. हातमोजे आणि मास्क घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण त्यावर शिंपडा, पाच मिनिटं थांबा, मग कागदाने टिपून पिशवीत बांधा. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका.

२. मशीनकडे पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही

घेतलंच आहे तर बघून टाका. दिवा लागला याचा अर्थ वीज पोचली, एवढाच. आवाज निघतो की नाही हे दिवा सांगत नाही. मोबाइलचं ॲप लावूनही उपयोग नाही, कारण बहुतेक फोनचं रेकॉर्डिंग २२ ते २४ किलोहर्ट्झच्या वरचं पकडतच नाही. म्हणजे मशीन खरंच आवाज काढतंय का, हेसुद्धा घरच्या घरी पडताळता येत नाही.

सोफ्यामागच्या, फ्रीजमागच्या सॉकेटला लावलं असेल तर समोर मोकळी जागा असलेल्या ठिकाणी हलवा आणि चार रात्री रांगोळी बघा. पावलं उमटली तर निर्णय झाला, परत पाठवा. ऑनलाइन घेतलं असेल तर परत करायची मुदत बहुधा थोडीच असते, ती उंदरांची वाट बघण्यात घालवू नका. विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. खोक्यावरच्या दाव्याचा फोटो काढून ठेवा.

घरात हॅमस्टर, गिनीपिग किंवा ससा असेल तर मशीन लावूच नका. त्यांना हा आवाज ऐकू येतो आणि पिंजऱ्यातून पळून जायची सोय त्यांना नसते. कुत्र्या-मांजरांच्या कानांनाही तो लागतो.

काही मशीनं 'घराच्या वायरिंगमधून चुंबकीय लहरी सोडून भिंतीतले उंदीर बाहेर काढतो' असं सांगतात. तुमच्या वायरींतून दिवसभर वीज वाहते, तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र असतंच, आणि उंदीर त्याच वायरींवरून चालतात, त्याच कुरतडतात. या दाव्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

गाडीच्या बॉनेटमध्ये लावायच्या मशीनबद्दलही विचारणा होते. तिथेही तेच. उंदीर इंजिनच्या उबेला आणि आडोशाला येतो, खालून सगळं उघडंच असतं. कचऱ्याच्या डब्यापासून गाडी लांब लावा, बॉनेटखाली साठलेली वाळकी पानं काढा, एअर फिल्टरच्या तोंडाला गॅरेजमधून बारीक धातूची जाळी बसवून घ्या, आणि गाडी दिवसेंदिवस एका जागी उभी ठेवू नका.

३. जेवण बंद करा (खर्च: काही झाकणं)

छोट्या घरउंदराला दिवसाला तीनेक ग्रॅम खाणं पुरतं. एवढं तर गॅसच्या शेगडीखाली सांडलेलं असतं. म्हणून 'आमच्याकडे सगळं झाकलेलं असतं' यावर मी विसंबत नाही, रात्री अकरानंतर स्वयंपाकघर कसं दिसतं ते विचारतो.

बघायच्या जागा अशा. शेगडी उचलून खाली. मिक्सरमागे. ओल्या कचऱ्याचा डबा, रात्रभर उघडा. तांदळाची गोणी थेट जमिनीवर. मांजराच्या वाटीत उरलेलं खाणं. खिडकीत कबुतरांना टाकलेले दाणे, हे तर अख्ख्या इमारतीचे उंदीर पोसतात. आणि देवघर: नैवेद्याचं खोबरं, साखर, तुपात भिजलेली फुलवात. उंदीर वात ओढून नेतो ती खायला, आणि पेटती वात ओढली तर आग लागते. रात्री झोपताना निरांजन विझलेलं आणि उचललेलं असू द्या, यात हयगय नको.

मोठ्या उंदराला पाणीही लागतं. ठिबकणारा नळ, फ्रीजखालचा ट्रे, एसीच्या पाण्याची बादली बघा.

धान्य पत्र्याच्या किंवा स्टीलच्या डब्यात ठेवा. प्लास्टिकचा जाड डबाही तो एका रात्रीत फोडतो, कारण उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि काहीतरी कुरतडल्याशिवाय त्याला गत्यंतर नसतं.

या पायरीने उंदीर जात नाही. पण पुढे सापळा लावाल तेव्हा त्यातलं खाणं त्याला हवंसं वाटायचं असेल तर बाकीची पंगत आधी उठवावी लागते.

४. भोक शोधा आणि बुजवा (खरं काम इथे आहे)

बहुतेक घरांचा निकाल मी याच पायरीवर लावलेला आहे. पेन्सिल घ्या. जिथे पेन्सिल आत शिरते तिथून छोटा घरउंदीर शिरतो, त्याला सहा-सात मिलिमीटरची फट पुरते. बारा मिलिमीटरमधून मोठ्या उंदराचं पिल्लू येतं. अंगठा सहज जातो तिथून बऱ्यापैकी वाढलेला उंदीर येतो. 'एवढ्याशा भोकातून कसा येईल' हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकतो, आणि त्याच भोकाच्या कडेला काळपट तेलकट डाग दाखवतो. रोज त्याच वाटेने अंग घासून गेल्याची ती खूण असते.

फ्लॅटमध्ये मला भोकं बहुतेक कुठे सापडतात ते सांगतो.

सिंकखालचा पाइप जिथे भिंतीत किंवा फरशीत शिरतो ती जागा. प्लंबरने सव्वा इंची पाइपसाठी तीन इंचांचं भोक पाडलेलं असतं आणि वर प्लास्टिकची चकती सरकवून दिलेली असते. चकती उचलून बघा, बघितल्याशिवाय कळत नाही. मॉड्युलर किचन असेल तर ट्रॉल्या बाहेर ओढून मागे टॉर्च मारा, कारण सुताराने मागची भिंत झाकलेली असते आणि तिच्याकडे वर्षानुवर्षं कुणी पाहिलेलं नसतं.

ड्राय बाल्कनी. वॉशिंग मशीनचा पाइप मोरीत नुसता खुपसलेला असतो आणि त्यासाठी जाळी बाजूला काढून ठेवलेली असते. उंदरांना छान पोहता येतं. मोरीचं तोंड उघडं म्हणजे ड्रेनेजच्या लाइनला घराचं दार उघडं. पाइपासाठी मधे भोक असलेली स्टीलची जाळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती बसवा.

एसीच्या तांब्याच्या नळ्या जिथून बाहेर जातात तिथे बसवणाऱ्याने पांढरी पुट्टी थापलेली असते. दोन उन्हाळ्यांत ती वाळून गळून पडते. बाहेरून डक्टमधल्या पाइपांवरून चढलेला काळा उंदीर इथूनच फॉल्स सिलिंगमध्ये जातो. मग वर पावलं वाजतात आणि खाली काहीच सापडत नाही.

पाइप गॅसचं भोक, एक्झॉस्ट फॅनची जागा, बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांची खिडकी, मुख्य दाराखालची फट. दारासाठी ॲल्युमिनियमची ब्रशपट्टी मिळते, स्क्रूने लावायची. नुसती रबराची पट्टी टिकत नाही.

कोकणातल्या कौलारू घरांची गोष्ट निराळी. तिथे उंदीर आंब्याच्या नाहीतर माडाच्या झावळीवरून थेट कौलांवर उतरतो. फांद्या छपरापासून एक-दीड मीटर लांब ठेवा. माडाच्या बुंध्याला पत्र्याचा गुळगुळीत पट्टा ठोकतात, तो नारळ वाचवायला असतो तसा घर वाचवायलाही कामी येतो. कौलांच्या कडेला वाशांच्या मधे बारीक जाळी ठोकायचं काम मात्र सुताराचं.

बुजवायचं कशाने? कापडाचा बोळा, कागद, थर्माकोल, नुसतं पीओपी, सिलिकॉन, फवारून फुगणारा फोम, यातलं काहीही एकटं टिकत नाही. उंदीर हे सगळं कुरतडतो. फोम भोक दिसेनासं करतो आणि तिथेच फसगत होते. टिकतं ते असं: भांडी घासायची स्टेनलेस स्टीलची तारेची घासणी उलगडून भोकात स्क्रूड्रायव्हरने दाबून ठासून भरा, बाहेर एक बोटभर जागा सोडा, वर सिमेंट किंवा एम-सील भरा. साधी लोखंडी तार ओलाव्याने गंजून भुगा होते, म्हणून स्टेनलेसच घ्या. जमिनीलगतचं मोठं भोक असेल तर जुने गवंडी सिमेंटात काचेचा चुरा कालवतात, तो चांगला उपाय आहे, फक्त हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नका. खिडकी आणि डक्टला सहा मिलिमीटर चौकटीची वेल्डेड जाळी. मच्छरांची नायलॉनची जाळी उंदराला अडवत नाही.

गॅसच्या पाइपाभोवती काम करताना ठोकू नका, ओढू नका. हलक्या हाताने भरण्यासारखं असेल तेवढंच भरा.

बुजवायचं काम दिवसा करा, आणि त्याच रात्री सापळे लावा. आत अडकलेला उंदीर बाहेर पडायला दुसरीकडे कुरतडणार, तेव्हा त्याला मोकळा सोडू नका. ताजं सिमेंट सकाळी उकरलेलं दिसलं तर जागा बरोबर सापडली आहे. पुन्हा भरा, या वेळी तार जास्त घालून.

५. सापळे

छोट्या घरउंदरासाठी चाप, मोठ्यासाठी मोठा चाप किंवा पिंजरा. एक लावून वाट बघू नका, एकाच रात्री चार-पाच लावा. खोलीच्या मधे नव्हे, रांगोळीत पावलं दिसली त्या भिंतीला लागून, चापाचं खाण्याचं टोक भिंतीकडे. उंदीर भिंतीला मिशा आणि अंग लावून चालतो, तो मधून जात नाही.

खाणं: भाजलेलं सुकं खोबरं, भजी, तुपाचं बोट लावलेला पोळीचा तुकडा, मासे खाणारं घर असेल तर बोंबलाचा तुकडा. सैल ठेवू नका, दोऱ्याने बांधा, नाहीतर तो अलगद काढून नेतो. मोठ्या उंदरासाठी पहिल्या दोन-तीन रात्री सापळा न ताणता नुसतं खाणं ठेवा. नव्या वस्तूची भीती गेली की मग ताणा. ही एक गोष्ट पाळली की 'आमचा उंदीर हुशार आहे, सापळ्यात येत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा संपते.

पिंजऱ्यातला उंदीर कोपऱ्यावरच्या गटारात सोडला तर तो परत येतो किंवा शेजाऱ्याकडे जातो. लहान मुलांच्या हाती पिंजरा देऊ नका. गोंदाचे पॅड मी लावत नाही आणि लावूही देत नाही. त्यावर उंदीर तासन्‌तास जिवंत तडफडतो, पाली आणि चिमण्याही चिकटतात, आणि भेदरलेला उंदीर मुतत राहतो तो रोगाचा धोका वेगळा. भारतीय पशु कल्याण मंडळानेही या पॅडांविरुद्ध सूचना दिलेल्या आहेत.

६. विष: घरात स्वतः ठेवू नका

इथे मी ठाम आहे. बाजारात मिळणाऱ्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टने माणसाचं यकृत निकामी होतं आणि त्यावर नेमका उतारा नाही. झिंक फॉस्फाइडवरही नाही. पोळीला लावून ओट्याखाली ठेवलेली पेस्ट रांगत्या मुलाच्या हाताला लागू शकते. धान्यात घालायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या उंदरांच्या बिळात टाकायचा सल्ला कुणी दिला तर साफ नाही म्हणा. त्यातून फॉस्फिन वायू निघतो आणि तो शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो.

ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांवर व्हिटॅमिन के हा उतारा आहे, पण तो दवाखान्यातला. शिवाय वडी खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो, आणि मरतो तो ट्रॉलीमागे नाहीतर फॉल्स सिलिंगमध्ये. मग वास काढायला सुतार बोलवावा लागतो. असा उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर विष त्यांनाही भिनतं. वड्या लागल्याच तर घराबाहेर, कुलूपबंद डब्यात, परवानाधारक माणसाच्या हातून.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

गॅसची रबरी नळी कुरतडलेली दिसली किंवा गॅसचा वास आला: रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या कुठल्याही बटणाला हात नाही, घराबाहेर येऊन १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन. उंदीर नंतर बघू. नळी बदलताना आत तारेचं कवच असलेली सुरक्षा नळीच घ्या.

वायर उघडी पडली असेल: मेन स्विच बंद आणि वायरमन. टेप गुंडाळून चालू ठेवू नका, पोटमाळ्यावरची कुरतडलेली वायर आणि शेजारी रद्दीचा गठ्ठा अशी जोडी मी पुन्हा पुन्हा पाहतो.

दिवसाउजेडी उंदीर फिरताना दिसतात, किंवा भोकं बुजवून आणि आठवडाभर सापळे लावूनही रोज नवी पावलं उमटतात: संख्या घरच्या उपायांपलीकडे गेली आहे किंवा वाट तुमच्या भिंतीबाहेर आहे.

पायाजवळ घुशींची बिळं, खचलेल्या फरश्या, ड्रेनेजच्या चेंबरचं फुटलेलं झाकण: हे एका फ्लॅटचं काम नाही. सोसायटीने गवंडी, प्लंबर आणि कीडनियंत्रणवाला यांना एकत्र आणायचं. मुंबईत महापालिकेचं कीटकनाशक खातं आहे, रात्री उंदीर मारणारी त्यांची माणसंही असतात. वॉर्ड ऑफिसमध्ये सोसायटीच्या लेटरहेडवर लेखी अर्ज द्या. इतर शहरांत पालिकेच्या आरोग्य विभागाकडे विचारा.

उंदीर चावला: साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं अशी लक्षणं असतील, आणि उंदराच्या मुताशी किंवा पावसाच्या साठलेल्या पाण्याशी संबंध आला असेल, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती ती याच वाटेने. लवकर औषध सुरू झालं तर हा आजार बरा होतो, अंगावर काढला तर मूत्रपिंड आणि यकृतावर जातो.

कीडनियंत्रणवाल्याला बोलावल्यावर पैसे द्यायच्या आधी चार गोष्टी विचारा. कीटकनाशक अधिनियम, १९६८ खालचा परवाना दाखवा म्हणावं. कुठलं औषध, कुठे ठेवणार, ते नावासकट कागदावर लिहून घ्या, म्हणजे काही झालं तर तो कागद घेऊन दवाखान्यात जाता येईल. मेलेले उंदीर कोण उचलणार हे ठरवा. आणि भोकं बुजवणं त्याच्या कामात धरलेलं आहे का ते बघा. नुसत्या वड्या टाकून वर्षाचा करार करणाऱ्यापेक्षा पहिल्या दिवशी टॉर्च घेऊन सिंकखाली वाकणारा माणूस निवडा, पैसे थोडे जास्त घेत असला तरी.